गट नंबर २१६ ची चतुःसीमा

आमच्या तालुक्याच्या हद्दीत येणाऱ्या अंधूक दीर्घिकांना दर वर्षी मार्गशीर्ष अमावास्येच्या आत हयातीचा दाखला द्यावा लागतो. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची फार लांबची वस्ती. ती स्वतः कचेरीत येऊ शकत नाही, कारण अंतर जास्त आहे. म्हणून तिच्या वतीने साक्षीदाराने यायचं असतं. साक्षीदार तालुक्याचा रहिवासी हवा, त्याची स्वतःची दुर्बीण हवी आणि त्याने ती दीर्घिका त्या वर्षात निदान एकदा पाहिलेली हवी. पाहिली तशी चितारून ते चित्र अर्जाला जोडायचं. दाखला वेळेत झाला नाही, तर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून आदेश निघतो आणि आकाशातली ती जागा रिकामी होते.

ठळक ताऱ्यांना हा नियम लागू नाही. चंद्राचं तर नावच काढायला नको. कागदपत्रं नेहमी अंधुकांनाच मागतात, आणि हा प्रकार काही फक्त आकाशात चालतो असं नाही.

मी खैरमाळच्या तहसील कचेरीत नक्षत्र शाखेचा लिपिक आहे. आडनाव काशीद. शाखा म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन कपाटं, एक टेबल आणि बाहेर व्हरांड्यात अर्जदारांसाठी ठेवलेला बाक. कचेरीत माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, काशीदच्या टेबलावरून मोकळा रकाना असलेला कागद पुढे जात नाही, मग तो कुणाच्याही सहीचा असो. दुसरी, बावीस वर्षांत काशीदने एकदाही दुर्बिणीला डोळा लावलेला नाही. दोन्ही खऱ्या होत्या. पहिलीचा मला अभिमान होता आणि दुसरीची कधी गरज पडली नव्हती, कारण फॉर्ममध्ये लिपिकाने पाहिल्याचा रकानाच नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा तालुक्यात अकरा अंधूक दीर्घिका होत्या आणि सात साक्षीदार. पुढे एका साक्षीदाराला मुलगा पुण्याला घेऊन गेला, एकाला बायकोने थंडीत उभं राहू देणं बंद केलं, एकाने दुर्बिणीच्या नळीत कबुतरं पाळली. साक्षीदार गेला की मागोमाग त्याच्या दीर्घिका जात. शेवटी दीर्घिका एकच उरली, मीन राशीतली, गट नंबर २१६. आणि साक्षीदारही एकच, मालनबाई भोईटे. २१६ गेला असता तर शाखा बंद होऊन मला रोजगार हमीच्या टेबलावर बसवलं असतं, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी काढायला नको.

मालनबाई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यांनी दुर्बिणीचा आठ इंची आरसा घरच्या पडवीत चौदा महिने घासून तयार केला होता आणि शेतीच्या पाइपलाइनचा उरलेला पाइप त्याला नळी म्हणून लावला होता. चित्र त्या कागदावर काढत नसत. काळ्या अस्तराचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्यावर कापडावर खुणा करायच्या पांढऱ्या खडूने काढायचं आणि कडेला हातशिलाई मारायची. माझ्या कपाटात असे पंचवीस तुकडे टाचून ठेवलेले आहेत. सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. काळ्या कापडावर चार ठिपके आणि मधे पुसल्यासारखा एक पांढुरका डाग.

त्यांच्याकडे आधी दोन गट होते, १९० आणि २१६. नऊ वर्षांपूर्वी भोईटे गुरुजी, म्हणजे त्यांचे यजमान, मिरजेला दवाखान्यात होते. बाई दीड महिना त्यांच्या उशाशी होत्या. कार्तिक अमावास्येच्या सुमारास एक रात्र त्या रजा काढल्यासारख्या घरी येऊन गेल्या, पण आभाळात ढग होते आणि फटीतून एकच गट सापडला, २१६. गुरुजी त्याच दुखण्यात गेले. तेरावा झाल्यावर बाई १९० चा अर्ज घेऊन आल्या. चार दिवस उशीर झाला होता. तो अर्ज मीच परत केला. नियम होता.

त्या अर्ज घेऊन गेल्या. पण आठवड्याने परत आल्या आणि टेबलासमोर उभं राहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी काल बघून आले. जागा काळी झाली आहे. हे जाणारच होते, ते माझ्या हातात नव्हतं. १९० माझ्या हातात होता."

त्यानंतर त्यांनी एकही वर्ष चुकवलं नाही. मार्गशीर्ष लागला की पहिल्या पंधरवड्यातच अर्ज हजर.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतो आहे, त्या वर्षी त्या आत कधी आल्या हे मला कळलंच नाही. मी जावक नोंदवही संपवून मान वर केली तेव्हा त्या समोर उभ्या होत्या. किती वेळ झाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, पाऊण तास. मी ओशाळलो. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. अलीकडे असंच होतं, म्हणाल्या. फाट्यावर हात करून उभी राहिले तरी एसटी थांबत नाही, दुकानात माझ्या मागचा माणूस आधी सामान घेऊन जातो.

दुसरी गोष्ट मला जरा लागली. त्या बोलत होत्या माझ्याशी, पण बघत होत्या माझ्या उजव्या कानाकडे. मी दोनदा कान चाचपून पाहिला.

"काही लागलेलं नाही तिथं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय. पडद्याच्या मध्यावर डाग पडलाय, भरून येणारा नाही म्हणाले डॉक्टर. कडेचं सगळं शाबूत आहे. तुमच्या नाकाकडे बघितलं तर तुम्ही नाहीसे होता. कानाकडे बघितलं की तुम्ही आहात."

मला त्यांचं वाईट वाटलं, आणि लगेच दुसरं एक आठवून जास्त वाईट वाटलं. त्याच आठवड्यात परिपत्रक आलं होतं. साक्षीदाराने कचेरीतला अक्षरांचा तक्ता वीस फुटांवरून, समोर पाहून वाचून दाखवायचा, नाही तर साक्ष ग्राह्य नाही. मी तक्ता लावला. बाई वीस फुटांवर उभ्या राहिल्या. तक्त्याकडे बघितलं तर तक्ताच नाहीसा होतो, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या कॅलेंडरकडे बघून त्यांनी वरच्या दोन ओळी बरोबर म्हटल्या. पण परिपत्रकात समोर पाहून असं स्वच्छ लिहिलं होतं. मी अर्ज परत केला. दुसऱ्यांदा.

बाई बाकावर जाऊन बसल्या. दुपारच्या सुट्टीत शिपाई तुपे व्हरांड्याचं दार लावून जेवायला गेला, बाई आत बसल्यात हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. सुट्टी संपल्यावर मी दार उघडलं तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, अर्ज मांडीवर.

"या नियमांत साक्षीदाराशिवाय दुसरी वाट आहे का?" त्यांनी विचारलं.

वाट होती. साक्षीदार नसेल तर अधिकाऱ्याने स्वतः दोन पंचांसमक्ष स्थळपाहणी करायची. बावीस वर्षांत कुणी तशी मागितली नव्हती. बाईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. अक्षरं ओळ सोडून खाली-वर गेली होती, पण एकही रकाना मोकळा नव्हता.

पाहणीला निघाले नायब तहसीलदार निंबोरे साहेब. वयाने तिशीचे, सरळ माणूस. सरळ म्हणजे अक्षरशः. बांधाची पाहणी असो की पडलेल्या घराची, साहेब वस्तूसमोर उभे राहायचे, तिच्याकडे रोखून पाहायचे आणि मग लिहायचे. पंचनाम्यात त्यांनी कधी ऐकीव गोष्ट घातली नाही. खैरमाळला असा अधिकारी आधी नव्हता, हे मला मान्य करायलाच हवं.

वद्य दशमीच्या संध्याकाळी आम्ही बाईंच्या वस्तीवर गेलो. मी, साहेब, आणि पंच म्हणून पोलीस पाटील रत्नाबाई चवरे आणि कोतवाल सोपान लोहार. दुर्बीण घरामागच्या खळ्यात उभी होती. समोरच ग्रामपंचायतीचा नवा पांढरा दिवा होता. बाईंनी त्याला काळ्या कापडाचं टोपडं शिवून घातलं होतं, ग्रामपंचायतीच्या रीतसर परवानगीने. परवानगीची प्रत त्यांनी साहेबांच्या हातात ठेवली. बॅटरीला लाल पॉपलीन बांधलेलं होतं. अर्धा तास अंधारात बसायचं, म्हणजे डोळे तयार होतात, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी त्या अर्ध्या तासात चार वेळा मोबाइल पाहिला. प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, साहेब, आता परत अर्धा तास. अशाने आम्ही साडेनऊपर्यंत नुसते कुडकुडत बसलो.

मग बाई स्टुलावर चढल्या. डोक्यावरून पदर पुढे ओढून त्यांनी डोळ्याभोवती अंधार केला आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी दुर्बीण नेत नेत थांबवली. आहे, म्हणाल्या. साहेबांना चढवलं. साहेबांनी डोळा लावला आणि बराच वेळ रोखून पाहिलं.

"मधोमध काही नाही," ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं, की मधोमध बघू नका, जरा बाजूला बघा, बाजूला बघितलं की ते मधे दिसतं. थेट बघितलं की जातं. अंधूक वस्तू बघायची रीतच तशी आहे, जगात सगळे असंच बघतात. साहेब खाली उतरले. रागावले नव्हते, पण दुखावल्यासारखे दिसले.

"बाई, मी एका रानाची पाहणी करताना शेजारच्या रानाकडे बघितलं, तर मला निलंबित करतील. ज्याची पाहणी त्याच्याकडे बघायचं. मी बघितलं. नाही."

रत्नाबाई आणि सोपान यांनीही रोखून पाहिलं. त्यांनाही काही दिसलं नाही. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर अहवाल लिहिला: गट नंबर २१६, जागेवर आढळून आला नाही. पंचांनी सह्या केल्या. बाईंनी दुर्बिणीवर गोणपाट टाकलं आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या. माझ्या कानाकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, की अहवाल उद्या माझ्याच टेबलावर येणार ना. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल आला. खाली जिल्ह्याकडे रवाना असा शेरा होता. मी तो वाचला, आणि मला आनंद झाला की भीती वाटली, ते अजून सांगता येत नाही. रकाना नऊ मोकळा होता.

रकाना नऊ चतुःसीमेचा. स्थळपाहणीचा नमुना जमिनीच्या फॉर्मवरून उचललेला आहे, त्यामुळे मिळकतीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला आणि उत्तरेला काय, हे आकाशातल्या गटालाही भरावं लागतं. साहेबांनी तो सोडून दिला होता. वस्तूच नाही तर तिची हद्द कशाची, असं त्यांना वाटलं असणार. कुणालाही वाटेल. पण वस्तू नसली तरी चालतं, रकाना मोकळा चालत नाही. नसलेल्या वस्तूचीही हद्द दाखवावी लागते, नाही तर नेमकी कोणती वस्तू नाही हे कळणार कसं? मी साहेबांचा अहवाल साहेबांना परत केला.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, की काशीद, हे तुम्ही शाखा वाचवायला करताय का. मी म्हटलं, साहेब, मागच्या वर्षी मी कलेक्टर साहेबांच्या दौऱ्याचा कागद याच कारणाने परत केला होता. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डायरी पाहिली. मधल्या सगळ्या संध्याकाळी बैठका होत्या. राहिली ती अमावास्या.

हे सांगायला मी स्वतः बाईंच्या वस्तीवर गेलो. त्या दारात बसून अस्तराचा तुकडा कापत होत्या, बोटांनी चाचपत. चतुःसीमेचं ऐकल्यावर त्यांची कात्री थांबली.

"म्हणजे साहेबांना हद्दीवरच्या ताऱ्यांकडे बघावं लागेल?"

"चारही बाजूंच्या. नीट, खात्री होईपर्यंत."

"आणि मधे बघायचं नाही?"

"हद्द बघताना मधे कशाला बघायचं," मी म्हटलं.

बाईंनी कात्री पुन्हा चालवली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू वगैरे आलं नाही. गंगेत घोडं न्हायला अजून अवकाश होता, हे त्यांनाही कळत होतं. पण मी निघताना त्यांनी मला थांबवून ताक दिलं. दोनदा अर्ज परत केलेल्या माणसाला इतकं पुष्कळ होतं.

अमावास्येला पंच मिळवताना घाम फुटला. सोपान म्हणाला, "भाऊसाब, आवसंचं न्हाई जमायचं. घरात खपत न्हाई." शेवटी रत्नाबाईंनी, मी बाईमाणूस असून येते, असं चारचौघांत म्हटल्यावर तो तयार झाला. जाताना त्याच्या बायकोने त्याच्या खिशात लिंबू घातलं. साहेबांचा मोबाइल मी मागून घेतला आणि बाईंच्या घरातल्या पिठाच्या डब्यात ठेवला. त्यांनी कुरकुर केली नाही. काम पूर्ण करायचं असलं की तो माणूस काहीही ऐकतो.

अर्धा तास आम्ही अंधारात गप्प बसलो. थंडी मरणाची होती. मग बाईंनी दुर्बीण लावली आणि साहेब स्टुलावर चढले. पहिला प्रश्न दिशांचा निघाला, कारण दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. बाईंनी तोडगा सांगितला. दुर्बीण हलवायची नाही. आकाश आपोआप सरकत राहतं. ज्या कडेने तारे निसटतात ती पश्चिम. साहेबांना हे फार पटलं. मोजणीच्या वेळी त्यांना कुणी इतकी सोपी पश्चिम दाखवली नव्हती.

"पूर्वेकडून सुरू करा," मी लाल बॅटरीच्या उजेडात फॉर्म धरून म्हटलं.

"पूर्वेस एक तारा. पिवळसर. ठळक," साहेब म्हणाले. मी लिहिलं. "तो एकच आहे की जोड आहे ते बघतो. थांबा." ते त्या ताऱ्याकडे बघत राहिले. 

 बाईंनी पुढे होऊन नळीवर बोटाने हलकीच टिचकी मारली. वस्तू थरथरली की अंधूक असली तरी जाणवते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"काशीद," साहेब हळू म्हणाले, "हद्दीच्या आत काहीतरी आहे."

ते तिकडे बघायला गेले आणि ते गेलं. पुन्हा पूर्वेच्या ताऱ्याकडे बघितलं आणि ते आलं. त्यांनी हे तीनदा केलं. मी त्यांना आठवण करून दिली, की साहेब, आपण सध्या फक्त चतुःसीमा भरतोय, तीन बाजू राहिल्यात. त्यांनी पश्चिमेचा तारा पाहिला, दक्षिणेचा पाहिला, उत्तरेला दोन बारीक ताऱ्यांची जोडी पाहिली. मधली वस्तू चारही वेळा हजर होती. मग रत्नाबाईंनी चारही बाजू पाहिल्या. मग सोपानने. सोपान खाली उतरला तेव्हा लिंबू त्याच्या हातात होतं.

"हाय की," तो म्हणाला. "आपुन बगत न्हाई असं वाटलं की येतंय."

साहेब फॉर्म घेऊन जीपमध्ये बसले. रकाना नऊ भरला होता. आता अडचण रकाना दहाची होती, अभिप्राय. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. मी पाहणी करतो तेव्हा नाही आणि हद्द पाहतो तेव्हा आहे, हे त्यांच्यासारख्या सरळ माणसाने लिहायचं कसं? बाई जीपच्या दाराशी उभ्या होत्या, पदर अजून कपाळावर ओढलेला. त्या विनवणी करत नव्हत्या. घट्ट उभ्या होत्या, बस.

"साहेब, तुम्ही ऐकीव लिहीत नाही असं म्हणतात," त्या म्हणाल्या. "ऐकीव लिहू नका. दिसलं तेवढं लिहा."

साहेबांनी लिहिलं: मिळकत हद्दीच्या आत हजर आहे. तिच्याकडे थेट पाहू नये. खाली सही, तारीख. पंचांच्या सह्या. बाईंनी त्या रात्रीचं अस्तर जोडलं, चार ठिपके आणि मधे डाग. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मुदत बारापर्यंत होती.

सगळे जीपकडे वळल्यावर बाई मला म्हणाल्या, की भाऊसाहेब, दुर्बीण अजून लावलेली आहे. मी म्हटलं, माझा रकाना नाही. त्या म्हणाल्या, नसू दे. मी चढलो. उत्तरेच्या जोडीकडे बघितलं, त्यांनी टिचकी मारली आणि ते आलं. पिठाचा हात काळ्या कापडाला पुसला की राहतं तेवढंच. बावीस वर्षं ज्याच्या दाखल्यावर मी शिक्के मारले ते हे. आणि १९० ही असंच काहीतरी असणार, जे मी चार दिवसांसाठी परत केलं होतं.  डोळ्यात पाणी आलं आणि काहीच दिसेना. बाई म्हणाल्या, डोळा पुसा आणि परत बघा, घाई नाही.

पुढच्या वर्षी परिपत्रकात दुरुस्ती झाली. आमच्याच अहवालामुळे झाली असं साहेब म्हणतात. अक्षरांचा तक्ता गेला. आता साक्षीदार कसाही पाहो, त्याची साक्ष ग्राह्य. अट एकच राहिली, साक्षीदार कचेरीत जातीने हजर हवा आणि त्याची हजेरी अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेली हवी.

मार्गशीर्ष लागला. पहिला पंधरवडा गेला आणि बाईंचा अर्ज आला नाही. मी वस्तीवर जाऊन आलो. दार उघडं होतं, दुर्बिणीवर गोणपाट होतं, चुलीत राख गरम होती, पण हाक मारल्यावर कुणी ओ दिली असेल तर मला ऐकू आली नाही. शेजारच्या बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, मालनकाकू असतील इथंच, बरेच दिवसांत दिसल्या नाहीत. एसटीचा कंडक्टर म्हणाला, त्या फाट्यावर आता कुणी नसतंच.

अमावास्येच्या दिवशी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. साक्षीदार हजर आहे का, विचारलं. तुपे म्हणाला, सकाळपासून बाकावर कुणी नाही साहेब, मी दोनदा झाडून घेतलं. मी स्वतः बाहेर जाऊन बघितलं. बाक रिकामा होता. साहेब दारात आले. त्यांनी त्यांच्या पद्धतीने बाकाकडे रोखून पाहिलं आणि मान हलवली. मला ते ऐकायचं नव्हतं. एकदा १९० गेला तो माझ्या हातून गेला होता. आता २१६ जाईल, आणि त्याबरोबर बाईही जातील, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"साहेब," मी म्हटलं, "चतुःसीमा भरू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते टेबलावरचा फॉर्म घेऊन आले.

बाकाच्या पूर्वेला पाण्याचा माठ आहे. वर जर्मनचं झाकण, झाकणावर उपडा ग्लास. ग्लासाला पोचा पडलेला. मी त्या पोच्याकडे बघत राहिलो, नीट, खात्री होईपर्यंत. माठाच्या उजव्या अंगाला, बाकावर, कुणीतरी बसलेलं होतं. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मांडीवर काळं कापड. मी मान वळवली नाही. पश्चिमेला खिडकी, दक्षिणेला भिंत, उत्तरेला माझ्या खोलीचं दार. चारही बाजू मी पाहिल्या. चारही वेळा त्या तिथे होत्या आणि माझ्या कानाकडे बघत होत्या.

"कधी आलात बाई?" मी माठाला विचारल्यासारखं विचारलं.

"दहा वाजता. रोजच येते आठवडाभर." आवाज अगदी जवळून आला. "पुकारा काही होईना. पण म्हटलं, आज अमावास्या आहे, आज उठायचं नाही."

त्यांनी अर्ज पुढे केला. मी माठाकडे बघतच हात लांब केला आणि तो माझ्या हातात आला. सगळे रकाने भरलेले. अस्तर जोडलेलं, कडेला शिलाई. या वेळचा डाग मला आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त स्वच्छ वाटला.

निंबोरे साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी पूर्वेचा माठ पाहिला, पश्चिमेची खिडकी पाहिली, भिंत पाहिली, दार पाहिलं. वेळ लागला, पण ते चुकले नाहीत. मग साक्षीदाराच्या हजेरीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, हद्दीच्या आत हजर, आणि माठाकडे बघत सही केली. तुपेला त्यांनी तीन चहा सांगितले. तुपेने दोघांकडे बघून बोटं मोजली.

"बाई, साखर?" साहेबांनी माठाला विचारलं.

"बिनसाखरेचा," मालनबाई म्हणाल्या.